तिथी बघून समुद्रावर यावं

दिवाळीचा फराळ संपायच्या आत आमच्या दापोली तालुक्यातले रस्ते गाड्यांनी भरू लागतात. पुण्याकडचे ताम्हिणी उतरून आंबेत-मंडणगडमार्गे येतात, मुंबईकडचे खेडला महामार्ग सोडून वळतात. आणि यातल्या बहुतेक गाड्या ठरलेल्या चार किनाऱ्यांवर जाऊन थांबतात : मुरुड, कर्दे, लाडघर, हर्णै. ३१ डिसेंबरला कर्द्याच्या रस्त्यावर दोन गाड्या समोरासमोर आल्या की मागे सरायला जागा उरत नाही. त्याच संध्याकाळी केळशीच्या लांबलचक पुळणीवर मोजकीच माणसं असतात.

हे एकट्या दापोलीचं नाही. रायगडात नागाव आणि काशीद, रत्नागिरीत गणपतीपुळे, सिंधुदुर्गात तारकर्ली-देवबाग. सातशे किलोमीटरहून लांब किनारा आहे आपल्याला, आणि सुट्टीला निघालेला महाराष्ट्र त्यातल्या बोटांवर मोजता येतील एवढ्या गावांत एकाच दिवशी दाटीवाटीने उतरतो.

आमच्या आगरात, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेत, पोफळींच्या मधे दोन खोल्या आहेत, त्या आम्ही पाहुण्यांना देतो. त्यामुळे लोक जागा कशी निवडतात ते मला सतत ऐकायला मिळतं. क्रम जवळजवळ सगळ्यांचा सारखा. आधी फोनवर पाहिलेलं एखादं चित्र, मग लाल तारखा जोडून साधलेली सुट्टी, मग खोली. त्या दिवशी समुद्र कुठे असेल, गावात काय चाललं असेल, विहिरीला पाणी किती असेल, हे कुणी विचारत नाही. मला मनापासून वाटतं की कोकणात यायचं तर हा क्रम उलटा हवा. आधी महिना आणि तिथी ठरवावी. ती ठरली की गाव सापडतं, आणि बहुतेक वेळा ते या गर्दीच्या गावांपैकी नसतं.

कोकणात फिरायला येणं तसं अलीकडचंच. माझ्या सासूबाईंच्या लहानपणी इथे माणसं घरी यायची. मुंबईच्या गिरणीत, गोदीत राबणारा चाकरमानी आगबोटीने हर्णैला, दाभोळला, जयगडला यायचा, पडावातून किनाऱ्याला लागायचा आणि शिमगा नाहीतर गणपती करून परत जायचा. मे महिन्यात मुलांचं आजोळ. कुठे जायचं हे जन्मानेच ठरलेलं असे. कधी जायचं ते सण आणि आंबा ठरवत. पुढे एसटीच्या देवदर्शनाच्या सहली सुरू झाल्या : गणपतीपुळे, पावस, मार्लेश्वर, हरिहरेश्वर. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. ज्यांचं इथे घर नाही, नातं नाही अशी देशावरची माणसं त्यानंतर मोठ्या संख्येने समुद्रावर येऊ लागली. पर्यटन महामंडळाच्या निवास-न्याहारी योजनेमुळे साध्या घरांच्या फाटकांवरही पाट्या लागल्या. आमच्या पाखाडीत पहिली खोली निघाली तेव्हा अनोळखी माणसाला जेवू घालून त्याचे पैसे मागायचे कसे, या विचाराने त्या घरची बाई अवघडून गेली होती.

तो संकोच गेला हे फार बरं झालं. इथली शेती तुकड्यातुकड्यांची, भात वर्षातून एकदा, आंब्याचा मोहोर हवामानाच्या हाती. पाहुण्यांच्या पैशावर आमच्याकडच्या कितीतरी मुली रत्नागिरीला आणि दापोलीला राहून शिकल्या. म्हणून पर्यटक नकोत असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. ते यावेत, वर्षभर यावेत, सगळ्या गावांत यावेत असंच मला वाटतं.

मधल्या काळात निवडीचं सगळं काम चित्रांनी ताब्यात घेतलं. ड्रोनने वरून टिपलेला किनारा, निळं पाणी, त्यात एकच होडी, आणि खाली 'महाराष्ट्रातलं मिनी मालदीव'. चित्र खोटं नसतं. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे, किंवा निवती-भोगव्याला, पाणी खरोखर असं दिसतं. थंडीतल्या एखाद्या सकाळी, वारा पडलेला असताना. पण चित्रावर महिना लिहिलेला नसतो. पाहुणा मात्र त्या चित्राशी समुद्र ताडून बघतो आणि जुळला नाही की हिरमुसतो. मागे आमच्याकडे कॉलेजच्या मुली उतरल्या होत्या. अमावास्येचं उधाण होतं, लाटा तळाची वाळू ढवळत होत्या. त्यातली एक मला म्हणाली, "काकू, इथलं पाणी असंच असतं का?" मी म्हटलं, "चार दिवस थांबलीस तर निवळेल गं." तिला दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. ती दोन दिवस आधी किंवा नंतर आली असती तरी फारसा फरक पडला नसता, पण आठवडाभर पुढे आली असती तर तिला हवा होता तोच समुद्र दिसला असता. हे तिला सांगणारं कुणी भेटलंच नव्हतं.

तर तिथीचा हिशेब सांगते. आमच्याकडचे कोळी तो तोंडी करतात. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. जे येईल ती भरतीची वेळ. पंचमीला पावणेचार. अष्टमीला सहा. पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या सुमाराला. ही वेळ दिवसाचीही आणि रात्रीचीही, कारण भरती दिवसातून दोनदा येते. भरतीनंतर सहा तासांनी पुरी ओहोटी. गावागणिक थोडं पुढेमागे होतं, पण सहल ठरवायला एवढं पुष्कळ. आता यावरून काय काय निघतं ते बघा.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास संध्याकाळी सहाला ओहोटी असते, आणि ती खोल असते, कारण उधाणाच्या दिवसांत पाणी जेवढं वर चढतं तेवढंच आत जातं. मुरुड-कर्द्यासारख्या सपाट किनाऱ्यावर त्या वेळी भलामोठा ओला पट्टा मोकळा होतो. लहान मुलं, गुडघे दुखणारे आजी-आजोबा, सायकल चालवणारे, सगळ्यांना ती वाळू चालते. खडकाळ किनाऱ्यावर कालवं काढायला बायका उतरतात. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात पायी जायचं तर हेच दिवस, सकाळी लवकरची ओहोटी धरून. अष्टमी-नवमीला भांगाची भरती-ओहोटी, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. त्या दिवशी कुलाब्याची वाट नीट उघडी पडेल याची खात्री देता येत नाही. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा कड्याखालून आहे, तीही ओहोटीलाच करायची. तिथे वेळ चुकवून गेलेल्यांना लाटांनी ओढून नेल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत.

अष्टमीला संध्याकाळी सहाला भरती. मावळतीला किनाऱ्यावर फिरायला आलेल्यांना तो ओला पट्टा पाण्याखाली गेलेला दिसतो. त्या दिवसांत मी पाहुण्यांना खाडीवर पाठवते. आंजर्ल्याला जोग नदी समुद्राला मिळते, त्या खाडीत भरतीच्या पाण्यावर होडी कांदळवनाच्या अगदी आत शिरते. उतरत्या उन्हात बगळे, खंड्या, खेकडे, सगळं हाताच्या अंतरावर. तीच खाडी ओहोटीला पाहिली तर चिखल दिसतो, आणि पाहुणा नापसंतीचा शेरा लिहून जातो.

बुडण्याबद्दल सांगायलाच हवं. दरवर्षी सुट्टीच्या दिवसांत कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावरून तरुण मुलं बुडाल्याची बातमी येते. बहुतेकांना पोहता येत असतं. पण ओहोटी लागली की पाणी माघारी जाताना ओढतं, आणि खाडीच्या मुखाशी ती ओढ कितीतरी पटींनी वाढते. किनाऱ्याचा उतारही पाहावा लागतो. गणपतीपुळ्याला चार पावलांत तळ सुटतो, मुरुडला पन्नास पावलं गेलं तरी कमरेएवढंच. सपाट किनाऱ्यावर निर्धास्त झालेला माणूस पुढच्या गावी उताराच्या किनाऱ्यावर तसाच आत जातो. गाड्यांचंही तेच. ओहोटीला टणक दिसणाऱ्या वाळूवर गाडी नेतात, फोटो काढतात, तोवर पाणी फिरतं आणि चाकं रुततात. मग गावातली माणसं दोर घेऊन धावतात. कुणी कोळी 'आज आत जाऊ नका' म्हणाला तर कृपा करून ऐका. त्याला त्या पाण्याशी रोज काम असतं.

महिन्यांचंही असंच आहे, आणि इथे मला जरा जास्त बोलायचं आहे.

मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. माशांच्या विणीचा काळ, शिवाय समुद्र खवळलेला. या दिवसांत येऊन ताजं पापलेट मागणाऱ्यांना मिळतं ते शीतगृहातलं. त्यापेक्षा सुकटीची चटणी, सोड्यांची खिचडी, सुक्या बोंबलाचं कालवण मागावं. कोकणातली घरं पावसाळा यावरच काढतात. पहिल्या पावसात ओढ्यांना उलटे चढणारे चढणीचे मासे मिळाले तर भाग्य. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात जातात आणि हर्णै बंदरावर पुन्हा लिलावाचा गलका सुरू होतो. तो लिलाव अवश्य पाहावा, पण बाजूला उभं राहून. टोपल्यांच्या वाटेत कॅमेरा घेऊन थांबणाऱ्या माणसाला कोळीण हाताने सरकवते ते उर्मटपणाने नव्हे. बर्फ वितळत असतो आणि तिचा माल खेडला पोचायचा असतो. आणि माशांत पापलेट-सुरमई एवढंच नाही. पापलेट २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे, आणि त्याची लहान लहान पिल्लं जाळ्यात येताना पाहून कोळीच हळहळतात. बांगडा, तारली, मुडदुशे, सौंदाळे खाऊन बघा. खानावळीत बसताना 'आज बंदरावर काय आलंय' असं विचारलंत तर ताजं मिळेल, स्वस्तही मिळेल.

फेब्रुवारी ते एप्रिल कासवांचा. आमच्या शेजारच्या मंडणगड तालुक्यातलं वेळास त्यासाठी प्रसिद्ध झालं. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या थंडीत रात्री किनाऱ्यावर येऊन वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि परत जातात. पूर्वी ही अंडी माणसं आणि कोल्हीकुत्री नेत. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने २००२ मध्ये गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली, आणि २००६ पासून वेळासचा कासव महोत्सव सुरू झाला. अंडी जाळीच्या कुंपणात हलवतात, साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं वर येतात. सकाळ-संध्याकाळ कासवमित्र घरट्यांवरच्या टोपल्या उचलून बघतात. पिल्लं असली तर वाळूवर सोडतात आणि ती इवल्याशा पायांनी समुद्राकडे निघतात. पाहुणे गावातल्याच घरांत राहतात, घरचंच जेवतात. आता आंजर्ल्यालाही पिल्लं सोडतात.

माझ्या दृष्टीने कोकणातल्या पर्यटनाचं याहून चांगलं उदाहरण नाही. गावाजवळ विकायला एक गोष्ट होती आणि ती विकायची तर आधी जपावी लागणार होती. पण तिथेही मी माणसांना रागावलेलं पाहिलं आहे. टोपली उचलली, खाली काही नव्हतं. एवढ्या लांबून आलो, पैसे भरले, आणि पिल्लू नाही? पिल्लं आपल्या वेळेने येतात. वाळूचं तापमान थोडं कमी-जास्त झालं तरी दिवस पुढेमागे होतात. म्हणून वेळासला जायचं तर एका रात्रीसाठी जाऊ नये. दोन-तीन सकाळी हाताशी ठेवाव्यात. दिसली तर आनंद आहेच. नाही दिसली तर बाणकोटचा किल्ला आहे, सावित्रीची खाडी आहे, आणि ज्या घरी उतरला आहात तिथल्या आजी आहेत, ज्यांच्याकडे सांगण्यासारखं भरपूर असतं. रात्री किनाऱ्यावर विजेऱ्या आणि मोबाइलचे दिवे मात्र नकोत. उजेडाने मादी माघारी फिरते आणि पिल्लं दिशा चुकतात.

पावसाळा हा तर मला वाटतं सर्वांत कमी ओळखला गेलेला ऋतू. 'मान्सून ट्रिप' म्हणून जे चालतं ते एखाद्या धबधब्याखाली गर्दी करणं. पण कातळाचे सडे, म्हणजे उघडी खडकाळ पठारं, कुणी बघत नाही. रत्नागिरी-राजापूरकडचे हे सडे मे महिन्यात काळेठिक्कर, तापलेले, त्यावर काही जगेल असं वाटू नये. पहिल्या पावसांनंतर त्याच्या फटींतून दीपकाडीची पांढरी फुलं वर येतात, जगात फक्त कोकणात उगवणारी. पुढे श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवं, गेंद, कवला, तेरडा असे एकामागून एक रंग चढतात. त्याच सड्यांवर कशेळी, बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे या गावांत कातळशिल्पं आहेत. हत्ती, मासे, माणसं, आणि ज्यांचा अर्थ अजून कुणाला लागलेला नाही अशा चौकटी. कशेळीचा हत्ती इतका प्रचंड आहे की जवळ उभं राहून तो एका नजरेत मावत नाही. २०२२ मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. ती पाहायला पावसाळ्यात नको, तेव्हा रेषांत पाणी आणि गवत असतं. थंडीत जावं, सकाळी किंवा उन्हं कलल्यावर, तेव्हा तिरप्या उजेडात कोरीव रेषा उठून दिसतात. दुपारी बारा वाजता गेलेल्याला नुसता दगड दिसतो. चपला काढून कडेकडेने फिरावं, शिल्पावर पाय देऊ नये, एवढं सांगायची खरं तर गरज पडू नये.

आमच्या हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला, मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून. त्यात आपल्या किनाऱ्यावरचे खांदेरी, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्गही आहेत. तेव्हापासून त्याची विचारणा वाढली आहे. दरवाजाजवळचा मारुती आणि पायरीवर कोरलेलं कासव पाहताना आजही अंगावर काटा येतो. पण होडी समुद्र शांत असतानाच जाते. ऑगस्टमध्ये येऊन किल्ला बघायचाच असा हट्ट धरणाऱ्यांना मी फत्तेगडावर नाहीतर कनकदुर्गावर पाठवते; तिथून सुवर्णदुर्ग समोर दिसतो आणि हर्णै बंदराचं रक्षण कसं केलं असेल हे जमिनीवर उभं राहून नीट कळतं.

दोन वेळा आम्ही खोल्या बंद ठेवतो, शिमग्याला आणि गणपतीत. घरची माणसं आलेली असतात, जागा नसते, आणि त्या दिवसांत आम्हाला यजमानपणाचा धंदा करायचा नसतो. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. वर्षातून एकदा देवी दारात येते, तिची ओटी भरायची, गाऱ्हाणं घालायचं. गणपतीत रात्री जाखडीचा नाच. हे पाहण्यासाठी कुणी आलं तर दार बंद नाही, पण ओळखीच्या घरी, त्यांच्या बरोबरीने, पंगतीला बसून आणि पत्रावळी उचलूनही. अलीकडे 'अनुभव' म्हणून शिमग्याची सहल विकली जाऊ लागली आहे. पालखीपुढे रांग लावून फोटो काढणाऱ्यांना वाट द्यावी लागते तेव्हा गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या चेहऱ्याकडे मला बघवत नाही.

आता पाण्याचं. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि एप्रिलच्या अखेरीस वाड्यावाड्यांवर टँकर फिरतो. दोन्ही खरं आहे. इथला जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही, उतार समुद्राकडे, महिन्याभरात सगळं वाहून जातं. किनाऱ्यालगतच्या गावांत विहिरीचं गोडं पाणी हे वाळूत मुरलेलं पावसाचं पाणी. खालच्या जड खाऱ्या पाण्यावर ते दुधावरच्या सायीसारखं तरंगत असतं. हळूहळू उपसलं तर पुरतं. पंप लावून दिवसरात्र उपसलं की खालचं खारं वर येतं आणि विहीर मचूळ होते. एकदा मचूळ झालेली विहीर परत गोडी व्हायला पावसाळे जावे लागतात. त्यातच शौचखड्डेही त्याच वाळूत.

आणि पर्यटनाचा सगळा जोर मे महिन्यात, नेमका पाणी तळाला गेलेलं असताना. समुद्राकाठच्या निवासात पोहण्याचा तलाव हवा ही मागणी आता इतकी रुळली आहे की तलाव नसेल तर खोली जात नाही असं माझे शेजारी सांगतात. मी त्यांना दोष देत नाही, त्यांनी कर्ज काढलेलं आहे. पण समोर अख्खा अरबी समुद्र असताना विहिरीतलं गोडं पाणी टाकीत भरून त्यात दोन तास खेळायचं, आणि वरच्या वाडीतल्या बाईने हंडा घेऊन टँकरची वाट बघायची, हे मला सहन होत नाही. समुद्राची भीती हे त्यामागचं कारण असेल तर भरतीची वेळ शिकून घेणं हा त्यावरचा उपाय आहे, आणि तो फुकट आहे.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर हा प्रश्न आणखी वाढला. त्या दुपारी श्रीवर्धन-दिवेआगरपासून आमच्यापर्यंत आगरंच्या आगरं आडवी झाली. नारळ मुळापासून उपटले गेले, पोफळी मधेच मोडल्या. पोफळ लावल्यापासून उत्पन्न सुरू व्हायला पाच-सात वर्षं जातात, आणि घरात तर रोजचा खर्च. त्यामुळे मोकळ्या झालेल्या जागेत अनेकांनी झाडांऐवजी खोल्या उभ्या केल्या. नाइलाज होता. तरी माझ्या मनातून जात नाही की पाहुणे ज्या सावलीसाठी येत होते तीच गेली. आम्ही रोपं परत लावली. आता कुठे काहींना पोय, म्हणजे फुलोरा, फुटली आहे. त्या झाडांना शिंपणं लागतं, म्हणून तिसरी खोली बांधायची नाही असं आम्ही घरात ठरवलं. पाणी आधी घराला आणि आगराला, मग पाहुण्यांना.

यावर एक रास्त आक्षेप मला नेहमी ऐकू येतो. "ताई, तिथी बघून सुट्टी कोण देतं? मुलांच्या शाळा, आमची ऑफिसं, आम्हाला लाल तारखांनाच निघावं लागतं." अगदी बरोबर. ज्यांना दिवस निवडता येतो त्यांनी निवडावा : निवृत्त मंडळी, स्वतःचा व्यवसाय असणारे, घरून काम करणारे. अशांनी तरी शनिवार-रविवार सोडून यावं. मंगळवारी आमची खानावळही निवांत असते आणि वाढणारी मुलगी दोन शब्द बोलायला थांबते. बाकीच्यांना दिवस बदलता येत नसेल तर गाव बदलता येतं. तीच लाल तारीख पंचांगात काढून बघा. ती अष्टमीच्या आसपास येत असेल तर खाडीकाठचं गाव घ्या, आंजर्लं, दाभोळ किंवा देवगडकडचं एखादं. पौर्णिमा-अमावास्येजवळ येत असेल तर लांब, सपाट पुळणीचं गाव. भर पावसात येत असेल तर सड्यावरचं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच यायचं असेल आणि रोषणाई, गाणी, माणसं हवीत तर खुशाल गर्दीच्या किनाऱ्यावर जा, त्यात काहीही गैर नाही. शांतता हवी असलेल्यांनी मात्र त्या आठवड्यात तिथे येऊन गर्दीवर चिडू नये.

आणि ज्यांच्याकडे उतरणार त्यांना आधी फोन करून विचारा, विहिरीला पाणी किती आहे. उत्तर खरं मिळेल. मे महिन्याच्या अखेरीस फोन करणाऱ्यांना मी सरळ सांगते की आत्ता नको, जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात या. मासा ताजा नसेल, किल्ल्यावर होडी जाणार नाही, वीज जाईल. पण व्हाळ, म्हणजे ओढे, वाहत असतील, लावणीची तयारी चाललेली असेल, खोली निम्म्या दरात मिळेल आणि आंघोळीला हवं तेवढं पाणी मिळेल.